रुमाल काढा

माझ्या घरमालकीणबाई माणसांना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी केमची, म्हणून मी 'केम'. समोरचे निवृत्त तलाठी 'मंगळवेढा'. कोपऱ्यावरच्या घरातली शिक्षिका 'बार्शी'. दूधवाला 'मोहोळ'. कुरिअरवाल्या पोराला आधी गाव विचारायच्या आणि मगच पाकीट हातात घ्यायच्या. एकदा एक विमा एजंट आला आणि "मी इथलाच, सोलापूरचा" म्हणाला, तर त्याला त्यांनी पायरीवरूनच परत पाठवलं. "सोलापूरचा म्हंजे कुटला? गाव सांगायला लाजतोय, ह्यो माझ्या मरणाचा विमा काय उतरवणार?"

अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हणायची. सत्तरी ओलांडलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी आणि तोंडात मिश्री. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, त्यामुळं एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही. रागावल्या की कन्नड बोलत, फारच रागावल्या की मराठीवर येत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "समोरच्याला कळाय नको?"

शहराच्या जुळे सोलापूर भागातलं त्यांचं घर तसं साधंच. खाली त्या एकट्या, वर भाड्यानं मी. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं भुसार बाजारात अडतीचं दुकान होतं. तो ऐन उमेदीत गेला आणि दिरांनी दुकान विकायचं ठरवलं, तेव्हा आक्का सकाळी उठून, डोक्यावर पदर घेऊन, सरळ गादीवर जाऊन बसल्या. त्या काळी बाजारात भाव तोंडानं ठरत नसे. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हातात हात घालत, बोटं दाबत आणि आतल्या आत सौदा व्हायचा. शेतकरी शेजारी उभा असायचा, पण आपल्या ज्वारीचं काय झालं हे त्याला सगळ्यांत शेवटी कळायचं. आता बाईच्या हाताला हात कोण लावणार? व्यापारी घुटमळले. आक्का म्हणाल्या, "रुमाल काढा. काय ते तोंडानं बोला." बाजार हसला. पण माल त्यांच्याकडं यायला लागला, कारण शेतकऱ्याला भाव ऐकू यायचा.

दुकान पुढं कधीतरी बंद झालं, पण ते वाक्य आक्कांनी घरी आणलं. दोन बायका फाटकाशी हळू बोलताना दिसल्या की पायरीवरून आवाज यायचा, "रुमाल काढा!" मी फोनवर दबक्या आवाजात बोलायला लागले की जिन्याखालून तेच. माझं लग्न ठरत होतं त्या दिवसांत ह्या वाक्यानं माझा जीव खाल्ला.

आणखी एक काम त्यांच्याकडं होतं, ते कुणी दिलेलं नव्हतं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि त्याचीही वेळ ठरलेली नसते. गल्लीत सगळ्यांकडं मोबाइल होते, पण पाण्याचा दिवस लक्षात ठेवायचा तो आक्कांनी. पहिली धार आली की त्या फाटकात उभ्या राहून ओरडायच्या, "पाणी आलंऽऽ!" की लगेच घराघरांत मोटारी सुरू व्हायच्या. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही आणि आवाजही कधी बसला नाही.

मी काय काम करते हे त्यांना बरेच दिवस कळलं नव्हतं. आमची एक संशोधन करणारी टीम होती. म्हातारपणी माणूस विसरायला लागतो, आधी वस्तू, मग वाटा, मग माणसं, त्या रोगावर तिचं काम चालायचं. हा रोग काही घराण्यांत जास्त दिसतो. म्हणून धडधाकट माणसांची एक नोंदणी करायची होती. स्वखुशीनं नाव द्यायचं, छोट्या नळीत थुंकी द्यायची, तीवरून रक्तातलं पिढीजात काय ते तपासायचं आणि पुढं औषधांचा अभ्यास निघाला की त्यांतल्याच लोकांना बोलवायचं. अशी माणसं मिळवणं हे माझं काम. सोलापुरात मी किती दारं वाजवली असतील! आत कुणीतरी म्हातारं "गाडी किती वाजताय?" असं पुन्हा पुन्हा विचारत असायचं आणि दारात उभा राहिलेला माणूस मला सांगत असायचा, "आमच्या घरात असलं काही नाही." वाक्य सगळ्यांचं एकच. श्रीमंताचं, गरिबाचं, मराठीतून, तेलुगूतून, कन्नडमधून. काहींना थुंकी म्हटल्यावर करणीची भीती वाटायची. बाकीच्यांना पोरीबाळींच्या लग्नाची.

एका संध्याकाळी मी रिकामा डबा घेऊन जिना चढत होते. आक्का पायरीवर मिश्री लावत बसल्या होत्या.

"काय गोळा करतीस गं तू, केम? रोज डबा घेऊन जातीस, रोज तसाच आणतीस."

"थुंकी."

त्यांनी मिश्रीचं बोट बाहेर काढलं. "थुंकी? सोलापुरात? त्याला घरोघर कशाला हिंडतीस गं? एसटी स्टँडवर जा की, बादल्या भरून मिळंल!"

मी दिवसभराची वैतागलेली होते, पण पायरीवर बसून पोट धरून हसले. मग सगळं समजावून सांगितलं. रोगाचं सांगितलं तसा आक्कांचा हात थांबला. मी शेवटी आमचं ठरलेलं वाक्य म्हटलं, की नाव गुप्त राहील, नावाऐवजी क्रमांक असेल, कुणाला काही कळणार नाही.

"म्हंजे रुमालाखालीच की," आक्का म्हणाल्या. "माझी थुंकी घ्या. पण माझं नाव लिवा. गावासकट."

तसं चालत नाही, नियम आहेत, हे मी त्यांना तीन दिवस पटवत होते. शेवटी त्या क्रमांकाला तयार झाल्या, पण अटीवर. "तुमी नका सांगू कुणाला. मी सांगीन. त्याला तर बंदी न्हाय न्हवं?" मी आमच्या नियमांत शोधलं. खरंच बंदी नव्हती.

संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, आक्कांनी जाहीर केलं की त्या हळदीकुंकू करणार आहेत आणि तिथंच माझ्या नळ्या भरून देणार आहेत. मला हुकूम झाला की केमहून कुंकू आण. आमचं गाव कुंकवाचंच, त्यामुळं कुंकवाला तोटा नव्हता. पण विधवेनं हळदीकुंकू करायचं? गल्लीत चुळबुळ सुरू झाली. मंगळवेढ्यांच्या पत्नी समजावायला आल्या, तर आक्का म्हणाल्या, "माझा नवरा हार्टनं गेला, माझ्या बोटानं न्हाय. लावून घ्यायचं तिनं यावं, न्हाय तिनं घरी बसावं." सगळ्या आल्या. मला वाटतं निम्म्या तरी फक्त बघायला आल्या होत्या.

थुंकी द्यायच्या आधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मी तो आक्कांना चार वेळा सांगितला होता. स्वतः त्यांनी सकाळपासून मिश्रीला हात लावला नव्हता, त्यामुळं त्या आधीच तापलेल्या होत्या. मी नळ्यांचा खोका घेऊन खाली उतरले आणि बघते तर काय, खोलीभर बायका आणि प्रत्येकीचं तोंड चालू. आक्का दारात उभ्या राहून हळदकुंकू लावत होत्या आणि लगोलग हातावर तिळगूळ ठेवत होत्या. हळदीकुंकवाला आलेली बाई तिळगूळ नाकारत नाही आणि हातात धरूनही बसत नाही. ह्यात वावगं काही आहे हे आक्कांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आक्का, तोंडात काही घालायचं नाही म्हटलं होतं ना मी!"

"काय घातलंय? तिळगूळ तर दिलाय!"

मी डोकं धरून बसले. पण आक्का कसल्या हार मानतात! त्यांनी सगळ्यांना मोरीवर नेऊन चुळा भरायला लावल्या, परत आणून सतरंजीवर बसवलं आणि म्हणाल्या, "आता अर्धा तास. कुणी खायचं न्हाय, प्यायचं न्हाय. आन बोलायचं पन न्हाय. जी बोलंल तिला वाण न्हाय." न बोलण्याचा नियम आमचा नव्हता, तो त्यांनी रागानं जागेवर काढला.

बायकांनी भरलेली खोली आणि कुणी बोलत नाही, असं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. पंख्याचा आवाज येत होता. सुरुवातीला सगळ्या एकमेकींकडं बघून हसू दाबत होत्या. मग हसू संपलं. आणि थोड्या वेळानं बार्शी रडायला लागली.

"मी सासूबाईंना कडी घालून आलेय," ती म्हणाली. "बाहेरून. रोजच घालते. शाळेत जातानाही. नाहीतर त्या निघून जातात."

मग आक्का बोलल्या.

"माझ्या भावाला आमी मागच्या खोलीत ठेवला हुता. लोकांत सांगितलं, मठात ऱ्हायला गेलाय. मी जाऊन भरवायची. मला आई म्हनायचा. आमची आईबी तशीच गेली, पर तवा कुनाला कळलं न्हाई. वेड लागलं म्हनले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मठात गेला म्हनून लोक माझ्या पाया पडायचे."

त्यानंतर नियम मोडलाच. एकीचे वडील, एकीचे दीर, एकीची आत्या. ज्या घरांच्या दारात मला "असलं काही नाही" ऐकायला मिळालं होतं, त्यांतल्याही दोघी तिथं होत्या. अर्धा तास कधी होऊन गेला कळलं नाही. खोका भरला. वाण मात्र सगळ्यांना मिळालं. आक्कांनी वाण म्हणून काय आणलं असेल? जीभ घासायची स्टीलची पट्टी. "तोंड साफ ठेवा," प्रत्येकीला म्हणाल्या.

ही बातमी त्यांच्या भाच्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागले. भाचा म्हणजे मागच्या खोलीत ठेवलेल्या त्याच भावाचा मुलगा. चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर होता. माणूस वाईट नव्हता. दर महिन्याला आत्याला बघायला यायचा, तिची औषधं आणायचा. त्या दिवशी तो गाडीतून उतरला आणि व्हरांड्यातच हळू आवाजात बोलायला लागला. आक्का काय म्हणाल्या ते सांगायला नको. त्यानं आवाज चढवला.

"आत्या, माझ्या पोरीच्या लग्नाचं बोलणं चाललंय! लातूरकडचे लोक आहेत. अण्णा मठात होते असंच आपण सगळ्यांना सांगितलंय."

"तुझा बाप माझ्या हातानं जेवत हुता. मठात कुटला?"

"पण आता हे उकरून काय मिळणार आहे? अण्णा गेले. संपलं."

"संपलं असतं तर बरं झालं असतं की," आक्का म्हणाल्या. "माझ्यात असंल, तुझ्यात असंल. लपिवलं म्हनून जातं व्हय?"

तो चहा न घेता गेला.

काही महिन्यांनी निकाल आले. आमच्या नोंदणीत निकाल कुणावर लादत नाहीत. ज्याला हवा त्यालाच समुपदेशक बाई एकट्याला बसवून नीट समजावून सांगतात. बहुतेक लोक नको म्हणतात. आक्कांनी हवा म्हणून सांगितलं होतं. मला बरोबर नेलं. बाईंनी खोलीचं दार लावलं, आक्कांनी उठून उघडलं. त्यांनी परत लावलं, ह्यांनी परत उघडलं. "बाई, मी चोरी केली न्हाई. उघडंच ऱ्हाऊ द्या." शेवटी दार उघडं ठेवूनच त्यांना सांगण्यात आलं की त्यांच्या रक्तात ते आहे. होईलच असं नाही, पण शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त.

"कवा?"

"ते नाही सांगता येत."

"औषध?"

"अजून बरं करणारं नाही. त्यासाठीच तर हे सगळं चाललंय."

"मग बिगीबिगी करा की," आक्का म्हणाल्या आणि उठल्या.

रिक्षात मात्र त्या माझा हात धरून बसल्या होत्या. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "भ्याले मी, केम. लई भ्याले." मला रडू यायला लागलं तसा त्यांनी माझा हात झटकला. "पर भ्याले म्हनून हळू बोलनार न्हाई."

त्या संध्याकाळी त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि वचन घेतलं. "उद्या मी विसरले तर तुमी भाच्याला विचारणार, आत्याचं थुंकीचं चालू ठिवू का बंद करू. तो बंद कर म्हनंल. तसं न्हाई चालायचं. आदी मला विचारायचं. मला काय ठावं नसंल तर पयल्यापासनं सांगायचं, जसं ह्या पायरीवर सांगितलंस. आन मग विचारायचं. मी न्हाय म्हनले तर बंद." मी हो म्हटलं. मला तेव्हा वाटलं, ह्या बाईला विसरायला अजून वीस वर्षं आहेत.

लातूरकडची मंडळी बघायला आली तेव्हा आक्का घरातल्या वडीलधाऱ्या म्हणून त्यांना बोलवावंच लागलं. त्या मला घेऊन गेल्या. पोहे झाले, मुलगा-मुलगी गच्चीवर जाऊन बोलून आली, सगळं जमल्यासारखंच होतं. मुलाच्या मामांनी हल्ली विचारतात तसं सहज विचारलं, घरात कुणाला शुगर, बीपी, आणखी काही?

भाचा म्हणाला, "नाही, आमच्या घरात असलं काही नाही."

"हाय," आक्का म्हणाल्या.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. भावाचं, मागच्या खोलीचं, स्वतःच्या निकालाचं. भाव सांगावा तसं, स्पष्ट आणि मोठ्यानं. मामांनी कप खाली ठेवला. "कळवतो" म्हणाले. त्यांनी कधी कळवलं नाही.

भाच्यानं त्या दिवशी सगळ्यांसमोर हात जोडले. "आत्या, आजपासून तू मला मेलीस."

"बरं," आक्का म्हणाल्या आणि चपला घातल्या.

मी परतीच्या वाटेवर त्यांच्यावर चिडले. स्वतःचं काय वाटेल ते सांगा, पण त्या पोरीचं आयुष्य होतं ते, तिला न विचारता? आक्का बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. आठवड्यानं ती पोरगीच माझ्या खोलीवर आली. शिकलेली, शांत मुलगी. म्हणाली, "ताई, आजीवर रागावू नका. मीच तिला म्हटलं होतं, बोल म्हणून. मला लपवून कुणाच्या घरात जायचं नव्हतं. पण पप्पांपुढं तोंड उघडेना माझं. आजी म्हणाली, तू गप ऱ्हा, मला शिव्या खायची सवय हाय."

दोन वर्षं भाचा आला नाही. औषधं मी आणायचे.

आणि मग एका सकाळी आक्का फाटकात उभ्या राहून ओरडल्या, "पाणी आलंऽऽ!" गल्लीभर मोटारी सुरू झाल्या आणि सगळ्या रिकाम्या फिरल्या. पाणी आदल्याच दिवशी येऊन गेलं होतं. कुणी काही बोललं नाही. पुढच्या आठवड्यातही तसंच झालं. मंगळवेढ्यांनी मग एक केलं. आक्कांची हाक आली की ते बाहेर येऊन नळ सोडायचे, कोरड्या नळाखाली बादली लावायचे आणि म्हणायचे, "आलं बघा, आक्का." आक्कांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी भर गल्लीत त्यांना झापलं. "न्हाई आलं तर न्हाई आलं म्हना की! मी चुकले तर चुकले म्हना. माझ्याशी रुमालात हात घालू नका!" तेव्हापासून गल्ली त्यांना तोंडावर सांगायला लागली, "आक्का, आज नाही, परवा." आणि त्या म्हणायच्या, "बरं. परवा ओरडते."

त्या कुणाला ओळखण्याचं सोंग करत नसत. समोर माणूस आला की सरळ सांगत, "मी विसरते. तू लाजू नको, गाव सांग." नावं आधी गेली, मग चेहरे. गावं बराच काळ टिकली.

एक दिवस त्यांना घराची वाट सापडली नाही. त्या दिवशी पोरीनं बापाला सांगून टाकलं, की आजीला बोलायला आपणच सांगितलं होतं. संध्याकाळी गाडी फाटकाशी थांबली. भाचा उतरला, काही न बोलता आत्याच्या साड्या पिशवीत भरायला लागला. आक्कांनी मला विचारलं, "हा चोर हाय का?" मी म्हटलं, भाचा आहे. "मग भरू दे." तो मान वर न करता घड्या घालत राहिला.

मी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेले, पण काम तेच. गेल्या वर्षी नोंदणीतल्या काही जणांना अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यासाठी बोलवायचं ठरलं. नव्यानं संमती, नव्यानं नमुना. त्यांत आक्कांचा क्रमांक होता. मी भाच्याच्या घरी गेले. भाच्यानं मला दारातच थांबवलं आणि व्हरांड्याच्या कडेला नेलं. अगदी हळू बोलत होता.

"ताई, आता बास करा. तिला काही कळत नाही. सही तर माझीच लागणार ना? मी नाही म्हणतो. शेजारी आम्ही सांगितलंय, गुडघे दुखतात म्हणून इथं आणलंय." त्याचे डोळे तांबारलेले होते. रात्ररात्र जागत असावा. "मी करतोय ना तिचं सगळं. कडी घालत नाही मी. एवढं पुरे नाही का?"

खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं पटत होतं. पण मी वचन दिलं होतं. मी म्हटलं, आधी त्यांना विचारायचं ठरलंय. तो काही बोलणार एवढ्यात आतून आवाज आला. बारीक झालेला, पण तोच.

"काय कुजबुजताय रं? रुमाल काढा! तोंडानं बोला!"

आम्ही आत गेलो. आक्का कॉटवर बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. विभूती मात्र ताजी होती, ती भाच्यानंच लावली असणार. माझ्याकडं त्यांनी परक्या माणसाकडं बघावं तसं बघितलं.

"कुटली तू?"

"केमची."

"कुंकवाची," त्या म्हणाल्या. पण त्यांना त्यापुढं काही आठवत नव्हतं. त्यांनी माझ्या डब्याकडं बोट केलं. "काय इकतीस?"

"विकत नाही, आक्का. गोळा करते. थुंकी."

त्या बघतच राहिल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "थुंकी? सोलापुरात? घरोघर कशाला हिंडतीस गं? एसटी स्टँडवर जा की, बादल्या भरून मिळंल!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसल्या. भाचा भिंतीला टेकून उभा होता, त्यालाही हसू आवरलं नाही.

मी त्यांच्या पायाशी बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. रोग काय, नळी कशाला, पुढं काय. त्या मन लावून ऐकत होत्या. किती कळत होतं, देव जाणे.

"मी बरी हुईन?"

"नाही, आक्का." त्यांच्याशी खोटं बोलायची माझी छाती नव्हती. "तुम्हाला उपयोग नाही. पुढच्यांना होईल."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. भाच्यावर थांबली. "ह्यो कोन?"

"तुमचा भाचा."

"ह्याला हुईल उपयोग?"

"होईल कदाचित. नाहीतर ह्यांच्या मुलीला."

"मग घे की," आक्का म्हणाल्या, जरा चिडूनच. "इचारतीस काय?"

मी भाच्याकडं बघितलं. तो आत जाऊन तांब्या आणि भांडं घेऊन आला आणि आत्याशेजारी बसला. "तोंड उघड, आत्या. चूळ भर. मिश्री आहे तोंडात." त्यानं स्वतःच्या हातानं तिचं तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं. मग आम्ही अर्धा तास बसलो. हा अर्धा तास असतो हे त्याला हळदीकुंकवाच्या बातमीपासून माहीत असणार, मी सांगितलं नव्हतं.

नळी भरत असताना कंपाउंडपलीकडून शेजारच्या बाईंनी हाक मारली. "कोण आलंय हो? पाहुणे का?"

मी आपोआप डबा पदराआड घेतला, सवय अशी वाईट असते. भाचा उठला. खिडकीशी गेला. एक क्षण त्यानं गज धरले. मग तो इतक्या मोठ्यानं बोलला की रस्त्यावरचा भाजीवालाही वळून बघायला लागला.

"पाहुणे नाहीत, काकू. विसरायच्या रोगासाठी आत्याचा नमुना न्यायला आलेत. आमच्या घरात आहे तो. माझ्या वडलांनाही होता. ते मठात नव्हते."

तो तसाच गज धरून उभा राहिला, पाठमोरा, खांदे हलत होते.

आक्कांनी मला कोपरानं ढोसलं. "आवाज चांगला हाय की पोराचा," त्या म्हणाल्या. "अडतीवर बसवा ह्याला. कुणाचा हाय ह्यो?"

"तुमच्याच घरातला, आक्का."

"व्हय? मंग बराबर," त्या म्हणाल्या आणि नळी माझ्या हातात दिली.